धनलक्ष्मीच्या टाकीतली पंगत

आमच्या हॉलच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. मी ते बोटावर घेतलं, जिभेला लावलं, तर खारट! जुळे सोलापुरात नळाला गोडं पाणी यायची मारामार, तिथं वरच्या मजल्यावरून खारं पाणी कसं येतं? माझं डोकंच सटकलं. सगळी नोकरी एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये माइकवर ओरडण्यात गेली. मला हळू बोलता येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही. जिन्यातूनच तोंड सोडत वर गेलो.

दार धनलक्ष्मीने उघडलं. हात कोपरापर्यंत ओले, पदर कमरेला खोचलेला.

"काका, ओरडा खुशाल," ती म्हणाली, "पण आधी ही बादली धरा."

धरली. काय करता! हॉलमध्ये, लोकांच्या घरी जिथं शोकेस असते तिथं, माणूस आडवा झोपेल एवढी काचेची टाकी होती. आत खडक, खडकांवर जिवंत प्रवाळ, तळाला पांढरी वाळू आणि मधून फिरणारे मासे. पाण्यात मोजूनमापून मीठ घातलेलं. एका नळीचा सांधा निसटला होता, तो तिने माझ्यादेखत बसवला आणि खालची फरशी पुसून घेतली. मी भांडायला गेलो होतो. खाली आलो तेव्हा माझ्या हातात त्यांच्या घरचा चहाचा कप होता. तो परत द्यायला पुन्हा वर गेलो, आणि मग जातच राहिलो.

धनलक्ष्मी मूळची भवानी पेठेतली. वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना. यंत्रमागांच्या खडखडाटात घरात कोणी हळू बोलत नसे, म्हणून माझ्या आवाजाचं तिला कधी काही वाटलं नाही. कारखान्याच्या मागच्या हौदात हिवताप खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडून जात. बाकीच्या मुली भातुकली खेळायच्या तेव्हा ही हौदाच्या कठड्यावर पोटावर पडून त्या माशांची भांडणं सोडवायची. पुढे बी.एस्सी. झाली, रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला आणि एका लॅबमध्ये नोकरीला लागली. चन्नवीरशी लग्न झालं. चन्नवीर विमा कंपनीत, स्वभावाने थंड दह्यासारखा. लग्नानंतर दोघं मालवणला गेली. तिथं तोंडाला नळी लावून, पाण्यात डोकं घालून मासे बघायची सोय असते. सगळे दहा मिनिटांत वर आले. ही येईना. शेवटी नावाड्याने हाताला धरून ओढली.

"काका, एक मासा माझ्याकडे बघत होता," ती मला सांगायची. "एक डोळा माझ्यावर, दुसरा मागं खडकावर. दोन डोळे दोन दिशांना. मी म्हटलं, हा हुशार आहे, ह्याच्याशी ओळख पाहिजे."

त्या जातीला रॅस म्हणतात. खरं तर ती एक जात नाही, मोठं खटलं आहे. त्यात गरीब आहेत, भांडकुदळ आहेत, रात्र पडली की वाळूत शिरून झोपणारे आहेत, घाबरले की टाकीबाहेर उडी मारणारे आहेत. कोणाला कोणाबरोबर ठेवायचं आणि कोणाला आधी आणायचं हे जमलं तर टाकी नांदते. नाही जमलं तर रोज मयत. धनलक्ष्मीला हे खटलं एका टाकीत नांदवून दाखवायचं होतं. समुद्र सोडाच, ज्या गावात तळं भरलं तरी लोक सहकुटुंब बघायला जातात, त्या गावात. पगार, संसार, सणवार सगळं सगळ्यांचं होतं. ही टाकी तेवढी तिची एकटीची होती.

अडचण होती ती सासूची. चंद्रव्वा अक्कलकोटकडच्या. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. सून त्यांना कानडी रीतीने अत्ती म्हणायची. त्या घरात अंड्याचं नाव कोणी काढत नसे. पण त्यांची एक सवय मला फार आवडायची. गावाकडे त्यांच्या घरात दासोहाची रीत होती. आलेल्याला वाढल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नाही. ती त्यांनी फ्लॅटमध्येही सोडली नव्हती. दुपारी बारा वाजले की त्या दार उघडून जिन्यात उभ्या राहायच्या आणि हाक द्यायच्या, "जेवायचं कोणी राहिलंय का?" कुरिअरवाला, गॅसवाला, वॉचमन, मीटर बघायला आलेला माणूस, कोणी ना कोणी असायचंच. कोणी नसलं तर थोडं थांबायच्या आणि मग ताटावर बसायच्या.

टाकीतल्या पहिल्या चुका धनलक्ष्मीच्याच. दुकानात सहा निळ्या रेघांचा एक छोटा रॅस दिसला, देखणा, चपळ. तिने तो बाकीच्या रॅसच्या आधी आणून सोडला. तिथंच बिनसलं. रिझर्व्हेशन नसलेल्या गाडीत आधी चढलेला माणूस कसा दोन सीटवर पाय पसरतो? मी असे हजारो बघितलेत. हाही तसाच निघाला. सगळी टाकी त्याच्या बापाची. चंद्रव्वांनी त्याचं नाव गौडा ठेवलं, म्हणजे गावचा पाटील. मग धनलक्ष्मीने एक लाजरी रॅस आणली. गौडाने तिला खडकाच्या कपारीतून बाहेर पडू दिलं नाही. ती तिथंच संपली.

नंतर आणलेला दुसरा रॅस गेला उन्हाने. एप्रिलमध्ये सोलापूर कसं तापतं ते सांगायला नको. पाणी गार राहावं म्हणून धनलक्ष्मीने टाकीचं झाकण काढून वर टेबलफॅन लावला. इथं आपण माठाला, कूलरला, सगळ्याला वारा घालतो, तसाच. पाणी गार झालं. तो मात्र दचकला आणि उघड्या टाकीतून उडी मारून सोफ्यामागे पडला. संध्याकाळी लॅबमधून आल्यावर तिला तो वाळलेला सापडला.

दोन्ही वेळी चंद्रव्वांनी काय करावं? मासा केळीच्या पानावर घेतला, त्याला विभूती लावली आणि गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरला. त्यांच्यात माणसालाही पुरतात. दुसऱ्याला पुरून आल्यावर हात धुतले आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या. मी तिथंच होतो.

"धनू, ही तुझी पेटी मी सहन केली. पण माझ्या घरात जीव मरालेत. आता ह्यातला आणखी एक मेला, तर ही पेटी घराबाहेर. शिवाची आण हाय."

चंद्रव्वांची आण म्हणजे काय ते चन्नवीरला लहानपणापासून ठाऊक होतं. तो खाली बघत राहिला. मला वाटलं, धनलक्ष्मी आता रडणार. ती उठली आणि पाण्याच्या बाटलीचं तोंड कापायला लागली.

बाटली गौडासाठी होती. कापलेलं तोंड उलटं आत बसवलं, आत खाणं ठेवलं आणि बाटली वाळूवर आडवी केली. मासा आत जातो, बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही. गौडा हावरा. संध्याकाळपर्यंत अडकला. दुकानदाराने तो परत घेतला आणि एकट्याच्या टाकीत सोडला. मग तिने खिडक्यांना मच्छरजाळी बसवणाऱ्याकडून टाकीच्या मापाची चौकट करून घेतली. वरून वारा आत, खालून मासा बाहेर नाही. मग फेअरी नावाच्या गरीब पोटजातीचे तीन रॅस आणले, एक नर आणि दोन माद्या, तिघं एकाच वेळी, म्हणजे टाकीवर आधीचा हक्क कोणाचाच नाही. त्यांना एकदम मोकळं सोडलंच नाही. भोकाभोकांच्या पारदर्शक खोक्यात घालून टाकीतच टांगलं. जुन्या माशांनी यांना बघावं, यांनी जुन्यांना बघावं, रोजचं येणं-जाणं व्हावं. नवी नवरी आधी माजघरातच बसते, तसं. खोकं उघडलं त्या दिवशी कोणी कोणाला टोचलं नाही. धनलक्ष्मीने माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की माझा चष्मा पडला.

पण काही दिवसांत तिघांची पोटं खपाटीला गेली.

हे खास त्याच घरात घडू शकतं असं होतं. पूर्वी ती माशांना डब्यातल्या गोळ्या द्यायची. एकदा चंद्रव्वांना त्या डब्यावर कोळंबीचं चित्र दिसलं आणि डबा बंद झाला. तेव्हापासून टाकीत शुद्ध शाकाहार. शेवाळाच्या हिरव्या पापुद्र्या, तेवढंच. जुन्या माशांनी ते चालवून घेतलं. रॅस पापुद्री तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. लिंगायताच्या घरात आलो म्हणून समुद्रातला मासा लिंगायत होत नाही, एवढं मला एसटीवाल्यालाही कळत होतं. धनलक्ष्मीलाही कळत होतं, पण सासूपुढे विषय काढायची तिची छाती होईना. शेवटी चंद्रव्वांनीच विचारलं.

"ह्यांची पोटं अशी आत का गेली गं?"

"भूक, अत्ती. त्यांना पाला चालत नाही. त्यांना बारीक कोळंबी लागते. गोठवलेल्या वड्या मिळतात. आणि एकदा घालून भागत नाही, सकाळ-दुपार-संध्याकाळ थोडी थोडी लागते."

चंद्रव्वांनी कपाळाला हात लावला. "ते माझ्या फ्रीजात येणार न्हाय. मी जिती हाय तवर न्हाय."

धनलक्ष्मी तशीच खाली आमच्याकडे आली. आमच्या फ्रीजरमध्ये रविवारचं मटण असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या हिने एक कोपरा मोकळा करून दिला. धनलक्ष्मी सकाळी लॅबला जाताना एक वडी न्यायची, संध्याकाळी एक. दुपारची मी वर नेऊन घालायची, असं ठरलं. मी आत गेलो की चंद्रव्वा पदर नाकाला लावून तोंड फिरवायच्या. मी वडी पाण्यात विरघळवून टाकली की ते तिघं असे तुटून पडायचे, की बघत राहावं. पोटं भरायला लागली. धनलक्ष्मी रोज संध्याकाळी काचेला नाक लावून ती पोटं बघायची आणि खूश होऊन खाली आम्हाला सांगायला यायची.

एके दिवशी माझा गुडघा सुजला. जिना चढवेना. वर फोन लावला तर उचलेना कोणी. मी आपला आरामखुर्चीत चरफडत बसलो होतो. सव्वाबाराच्या सुमारास बेल वाजली. आमच्या हिने दार उघडलं, तर बाहेर चंद्रव्वा. एका हातात स्टीलची वाटी, दुसऱ्या हातात सांडशी.

"अण्णा," त्या मला म्हणाल्या, "ते द्या."

"काय?"

"त्येंचं जेवान."

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही..."

"बारा वाजले, जिन्यात हाक मारली. कोणी आलं न्हाय. मागं वळून बघते तर ते तिघं काचेला तोंड लावून उभे, माझ्याकडं बघालेत. माझ्या घरात कोणी उपाशी, आणि मी ताटावर बसू? माझ्या सासऱ्यांनी जन्मात असं केलं न्हाय." मग आवाज चढवून, "आणि मी खाते व्हय? मी वाढते. वाढणाऱ्याला काय लागत न्हाय की."

त्या बाईने सांडशीने वडी उचलून वाटीत घेतली, हात लांब धरून वर नेली, टाकीत घातली, पुन्हा अंघोळ केली आणि मग जेवल्या. दुसऱ्या दिवशी माझा गुडघा बरा होता, पण मी वर गेलो नाही. बारा वाजता बेल वाजलीच. संध्याकाळी धनलक्ष्मीला हे सांगितलं तर ती आमच्या स्वयंपाकघरात खाली बसून हमसून रडली आणि रडता रडता हसली.

त्यानंतर टाकीत जी रया आली ती काय सांगू! नराच्या अंगावर लाल-केशरी रंग असा चढला की चन्नवीरसुद्धा जेवताना टीव्ही बंद ठेवायला लागला. धनलक्ष्मीने मग हिय्या करून चौथा रॅस आणला, एक पिवळाधमक, हळदीच्या रंगाचा. चंद्रव्वांनी लगेच नाव ठेवलं, अरशिण. कानडीत हळदच. आधी खोक्यात, मग टाकीत, सगळं रीतसर केलं. खोकं उघडल्यावर अरशिण बाहेर आला, एक गिरकी घेतली, नाक खाली केलं आणि वाळूत शिरला. दिसेनासा झाला.

"हा वाळूतच झोपतो," धनलक्ष्मी म्हणाली. "नवीन जागा आहे, घाबरलाय. येईल वर."

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा उलटला. धनलक्ष्मीने पाणी तपासलं, स्वच्छ होतं. वाळू उकरायची नाही असं ती म्हणत होती. जिवंत असला तर उकरल्यानेच मरेल. पण दिवस जातील तसा तिचा आवाज बारीक होत गेला. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाली, "काका, वाळूतच असेल ना तो?" मी असेल म्हणालो. मला वाटत नव्हतं.

चन्नवीरलाही वाटत नव्हतं. "मेला असेल, आतल्या आत खाल्ला असेल बाकीच्यांनी. आईची आण आहे," तो म्हणाला. थंड माणूस एकदा ठरवतो तेव्हा फार भराभर ठरवतो. त्याने दुकानदाराला फोन करून रविवारी टाकी न्यायला सांगितलं. मासे, खडक, प्रवाळ, सगळं. धनलक्ष्मीने वाद घातला नाही. घरात सासूच्या शब्दावर शब्द चढवायचा नाही, हे ती माहेराहून शिकून आली होती. शनिवारी संध्याकाळी ती टाकीसमोर स्टूल टाकून बसली होती, आणि पोरीकडे बघवत नव्हतं. मला तिचा नाही, त्या अख्ख्या घराचा राग आला होता.

रविवारी दुकानदार मोठ्या बादल्या आणि लांब नळी घेऊन आला. मीही वर गेलो. म्हटलं, ओरडायला तरी कोणीतरी पाहिजे. मी सुरुवात करणार तेवढ्यात चंद्रव्वाच खोलीतून बाहेर आल्या.

"कोण मेलंय?" त्यांनी लेकाला विचारलं.

"आई, तो पिवळा. तूच म्हणाली होतीस..."

"मढं कुठाय?"

"अगं, आठवडा झाला दिसला नाही."

"मढं दाखव. दोघांना मी ह्या हातानं पुरलंय. मढं बघितल्याशिवाय मी कोणाला मेला म्हणत न्हाय. आणि आता बारा वाजलेत. जेवायच्या वेळेला कोणाला उठवायचं न्हाय. नळी खाली ठेव रे बाबा."

दुकानदाराने नळी खाली ठेवली. दुपारची वडी मी येताना आणलीच होती. चंद्रव्वांनी सांडशीने ती घेतली, वाटीत विरघळवली. मग सवयीने दार उघडून जिन्यात हाक दिली. कोणी नव्हतं. त्या परत फिरल्या, टाकीपाशी आल्या, वाटी ओतली आणि तीच हाक, त्याच आवाजात, पाण्याकडे बघून दिली.

"जेवायचं कोणी राहिलंय का?"

तिघं फेअरी धावले. जुने मासे धावले. कोळंबीचे बारीक कण वाळूपर्यंत उतरले. धनलक्ष्मी आजही त्या स्टुलावरच बसली होती, तिची नजर खालीच होती. म्हणून तिला आधी दिसलं. डाव्या कोपऱ्यात वाळूचा एक दाणा हलला. मग चार हलले. मग वाळूतून एक पिवळं नाक वर आलं, मग एक डोळा. तो डोळा फिरला, पुढे, मागे, वर. आणि वाळू उडवत सगळा अरशिण बाहेर आला, जरा वाळला होता पण धडधाकट, आणि फेअरी नराच्या शेजारून सरळ पंगतीत घुसून जेवायला लागला. नराने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आला! अत्ती, आला!" धनलक्ष्मी किंचाळली. मी त्याहून मोठ्याने ओरडलो. शेजारचे दार उघडून बघायला आले. चन्नवीर हसत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकदम. माझ्या आयुष्यात मी हजारो गाड्या वेळेवर सोडल्या, पण एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. सोलापुरात, नळाच्या पाण्यात मीठ घालून, उन्हाळ्याच्या छाताडावर बसून ह्या पोरीने ते खटलं एका टाकीत नांदवलं होतं.

चंद्रव्वा तेवढ्या शांत होत्या. त्यांनी अंघोळ केली, आल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "तू जेवायचा राहिलास की. बस." त्याला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वरून तूप वाढलं. रिकाम्या बादल्या घेऊन तो गेला.

संध्याकाळी आमची बेल वाजली. चंद्रव्वा होत्या, मागे धनलक्ष्मी. चंद्रव्वांच्या हातात झाकणाचा मोठा स्टीलचा डबा, नवा, लेबलही अजून काढलेलं नव्हतं.

"अण्णा, त्या वड्या सगळ्या ह्यात घाला."

मला वाटलं माझं काही चुकलं. मी म्हटलं, "का हो? आमच्या फ्रीजरची काही अडचण नाही."

"तुमची न्हाय. माझी हाय. पाव्हण्याचं जेवान शेजारी ठेवलेलं चालतंय. घरच्या माणसांचं कसं ठेवायचं?"

धनलक्ष्मी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं, ते तिच्या तोंडावरून दिसत होतं. ती एवढंच म्हणाली, "अत्ती, तुमच्या फ्रीजात?"

"आपल्या," चंद्रव्वा म्हणाल्या आणि डबा माझ्यापुढे धरला.